शिशाचा आकडा

आजही गाळलेल्या पाण्यात शिसं निघालं, तर संध्याकाळी प्रकल्प गुंडाळायचा, असं सरांनी सकाळीच सांगून टाकलं होतं.

सातवा महिना लागलेली ती शिसं मोजायच्या यंत्रासमोर स्टुलावर टेकली. पाणी गाळायच्या एका पडद्यापायी तिनं तीन वर्षं घालवली होती. केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्या त्यात दाटीवाटीनं बसवलेल्या. पाणी पार जातं, शिसं अडकतं. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात कारखान्याचं पाणी कितीही गाळा, तोच हट्टी आकडा तिच्या पाचवीला पुजलेला. पडदे बदलून झाले, जोडण्या बदलून झाल्या, यंत्रही उघडून पाहिलं. शेवटी तिनं हात टेकले होते.

"आधी पाणी पी," बाटल्या धुणाऱ्या मावशींनी पेला पुढे केला. "पोटातल्याला तुझ्या आकड्यांशी काय देणंघेणं?"

तिनं निमूट अर्धा पेला संपवला. दिवसाला आठ पेले पाजायचा मावशींनी नेमच धरला होता, आणि मावशींपुढे कोणाचं काय चालतंय! एरवी बेसिनपाशी गुणगुणत उभ्या असणाऱ्या मावशी आज मात्र खुर्चीत बसून गुडघे चोळत होत्या.

मग तिनं गाळलेला नमुना घेतला, नेहमीसारखाच 'शुद्ध पाणी' लिहिलेल्या कॅनमधल्या पाण्यानं दसपट पातळ केला आणि यंत्रात घातला. सर मागे येऊन उभे राहिले.

शून्य.

पुन्हा घातला, पुन्हा शून्य. तिसऱ्यांदाही तेच. तिचा जीव भांड्यात पडला. सरांनी चष्मा काढून पुसला, "जिंकलीस" म्हणाले आणि बातमी द्यायला ऑफिसकडे जवळजवळ पळालेच.

"मावशी, आज मी वेगळं असं काय केलं हो?" ती डोळे पुसत हसली.

सर गेल्याची मावशींनी खात्री करून घेतली.

"रागावू नकोस. तो कॅन वरच्या मजल्यावरच्या मशीनवर भरायचा असतो. माझ्या गुडघ्यांना ते जिने झेपतात होय? रोज इथल्याच नळाखाली धरते. आज टाकी धुवायला काढलीय, नळ कोरडा. मग चढले, काय करते?"

तिचं हसू थांबलं. पोरगी रुसली, असं मावशींना वाटलं. त्यांनी उरलेला अर्धा पेला तिच्या हातात दिला.

"तुझी मात्र आबाळ नाही हो होऊ दिली. आज नळ जाणार म्हणून कालच जग भरून ठेवला. पी."