बेटाची इज्जत

"गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि सुटा, एवढंच अमेरिकेचं सरकार म्हणतंय," वकीलबाई मिस थिबू म्हणाल्या. "आठवड्यात ब्रुकलिनला, भावाजवळ पोहोचाल."

"कसला गुन्हा?" ऑल्स्टनचा आवाज चढला. "आमच्या बेटावर, आमच्या सरकारच्या परवान्यानं इंटरनेटवर पैजा घेतल्या. जागतिक व्यापाराच्या पंचांनी निकाल आपल्या बाजूनं दिलाय ना? मग त्याच निकालावर खटला रद्द करून घ्या. बेटाची इज्जत मी विकणार नाही."

"शाब्बास!" कुंपणापलीकडून शेजारचा टायरेल ओरडला. "मुंगीनं हत्तीच्या सोंडेत शिरावं ते असं!"

आई, मा आयोनी, मासे साफ करता करता हसली. "लहानपणी डॉक्टरची सुई दिसली की आंब्यावर चढून बसायचास. आणि आता अमेरिकेला भिडतोस होय रे?"

अमेरिकेत पाऊल टाकलं की ऑल्स्टनच्या हातात बेड्या, हे बेटाच्या राजधानीत, सेंट जॉन्समध्ये, शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बंदरात गोऱ्या पाहुण्यांची जहाजं यायची, संध्याकाळी निघून जायची. तो ओट्यावर बसून बघत राहायचा. "बेट कसलं, कोठडी आहे ही," म्हणायचा.

तिकडे ब्रुकलिनच्या इस्पितळात धाकटा क्लेमरॉय मशिनला जोडलेला. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, प्रवासाचं त्राण नाही. घरात मूत्रपिंड जुळलं ते एकट्या ऑल्स्टनचं. त्याची बॅग आईनं कधीच भरून दारामागे ठेवली होती, वर लोकरीचा स्वेटर.

रविवारी क्लेमरॉयचा फोन आला. "कधी येतोस रे? डॉक्टर आता फार थांबू नका म्हणतात."

"केस सुटू दे, पहिलं विमान पकडतो. पाय बांधलेत रे माझे."

"त्यात तुझा काय दोष?"

ऑल्स्टनला रडू फुटलं. फोन ठेवल्यावरही तो बराच वेळ कुशीवर हात दाबून बसला.

महिनाभरानं मिस थिबू धापा टाकत पायऱ्या चढून आल्या.

"सुटलात! कबुली नको, दंड नको. पंचांच्या निकालावर वाद घालण्यापेक्षा अमेरिकेनं खटलाच मागे घेतला. जिंकलात तुम्ही!"

आईनं त्यांना मिठीच मारली आणि धावत जाऊन ब्रुकलिनला फोन लावला. "येतोय रे तुझा भाऊ! उद्याच येतोय!" टायरेल पातेलं बडवायला लागला.

ऑल्स्टननं वकीलबाईंचं मनगट धरलं, त्यांना ओट्याच्या कोपऱ्यात ओढलं. दुसरा हात त्यानं कुशीवर दाबून धरला होता.

"मिस थिबू," तो कुजबुजला, "याच्यावर अपील करता येतं का?"