दोन पाळण्यांची केबिन

“दोनों बच्चों के नाम बताइए, मॅडम,” फोनवरची मुलगी म्हणाली.

आम्रपालीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. ती दवाखान्यातल्या बाकड्यावर बसली होती. समोरच्या काचेआड तिची जुळी होती, एक मुलगा, एक मुलगी. दिवस भरायच्या खूप आधी जन्मलेली. दोघं दोन पेट्यांत, नळ्या लावलेली, मांजराच्या पिलांएवढी. पेट्यांवर नावं नव्हती. एकीवर ‘आम्रपालीचं बाळ एक’, दुसरीवर ‘आम्रपालीचं बाळ दोन’. डॉक्टर मॅडम रोज सकाळी तपासून बाहेर येत आणि म्हणत, “आज काही सांगता येणार नाही.”

शेजारी सासूबाई कमलाबाई बसल्या होत्या, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन. त्यांना वाटत होतं, सून फोनवरून जहाजाची सहल रद्द करते आहे. सहल बाळंतपणाआधीच ठरली होती. मुंबईहून जहाजात बसायचं, गोवा पाहायचा, समुद्र पाहायचा. दुर्गजवळच्या मरोद्यातल्या त्यांच्या घरात तेव्हा दुसरा विषय नव्हता. चार वर्षांची थोरली लेक उत्कर्षा तर शेजारपाजारच्या सगळ्यांना आमंत्रण देऊन आली होती. मग भर उन्हाळ्यात अवेळी कळा सुरू झाल्या आणि सहलीचं नाव कोणी काढेना.

पण आम्रपाली रद्द करत नव्हती. ती पुढची, फेब्रुवारीची तारीख घेत होती. केबिनमध्ये दोन पाळणे मिळतील का, बाटल्या धुवायला उकळतं पाणी कुठे मिळेल, लेकरांसाठी मऊ खिचडी करून देतात का, हे सगळं तिनं विचारून घेतलं होतं. आता नावांपाशी गाडी अडली होती.

“अवं बाई, तुले काई वाटते का नाही?” कमलाबाई भडकल्या. “लेकरं आत तसे पडले हायेत, आन् तू जहाज बुक करून राहिली?”

तिचा नवरा पियूष ड्यूटीवरून थेट आला होता, अंगात पोलाद कारखान्यातल्या प्लेट मिलचे कपडे तसेच. तो भिंतीकडे पाहत म्हणाला, “मी म्हटलं होतं हिला, कॅन्सल कर म्हणून.”

आम्रपालीनं फोनवर हात ठेवला. तिचा आवाज चढला नाही.

“आई, त्या जहाजावर सहा महिन्यांच्या आतलं लेकरू घेत नाहीत. फेब्रुवारीत आपले नऊ महिन्यांचे असतीन.”

“असतीन तवा पाहू.”

“नाही आई. मी दुर्गच्या रेल्वे रिझर्वेशन खिडकीवर बसते. लोक पुढच्या लग्नाची तिकिटं काढतात, परीक्षेची काढतात. तोपर्यंत मी असीन का नाही, असं मले कोनी इचारत नाही. मंग आपल्याच लेकरायचं आपन कावून इचारून राहिलो?”

कमलाबाईंच्या मनात राग नव्हता. भीती होती. त्यांची पहिली मुलगी नामकरण झाल्यावर आठवड्यात गेली होती. तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलं होतं की नाव दिलं की जीव गुंततो आणि मग सोडवत नाही. म्हणून या दोघांना नाव द्यायचं नाही, घरी आल्यावर पाहू, हे त्यांनीच सगळ्यांना बजावलं होतं. सून ऐकत आली होती. आज पहिल्यांदा ती ऐकत नव्हती.

“हॅलो, मॅडम? नाम?”

आम्रपाली काचेकडे पाहू लागली. तिला एकही नाव सुचेना. पियूषनं मान खाली घातली.

“सुमेध,” कमलाबाई म्हणाल्या. “आन् पोरीचं सुजाता.”

दोघंही त्यांच्याकडे बघत राहिले. नावं इतकी पटकन आली होती, जणू तोंडात तयारच होती.

“आई, तुमी कवा ठरवलं?”

“ठरवते कायले! पयल्या दिवसापासून त्याच नावानं हाका मारून राहिली मी. मनातल्या मनात.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “सांग तिले. लवकर सांग.”

आम्रपालीनं एकेक अक्षर सुटं करून नावं सांगितली. मग आत गेली आणि नर्सकडून पेट्यांवरची दोन्ही कार्डं बदलून घेतली.

सुजाताच्या नळ्या आधी निघाल्या. सुमेधनं मध्ये एकदा सगळ्यांचा जीव टांगणीला लावला, दोन दिवस कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. मग तोही सावरला, दूध ओढायला लागला. पावसाळ्यात दोघं मरोद्याच्या घरी आली. फेब्रुवारीच्या तोंडावर डॉक्टर मॅडमनी दोघांना उलटंपालटं करून तपासलं आणि हसून म्हणाल्या, “जाओ, समुंदर घूम के आओ.”

जहाज मुंबई सोडून निघालं. दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला. पियूष बादली कवटाळून बसला. उत्कर्षा कोमेजून पडली. कमलाबाई तर डोळ्यांवर पदर घेऊन आडव्याच झाल्या. शेवटी आम्रपालीनं जहाजावरच्या डॉक्टरला बोलावलं.

तो तरुण मराठी डॉक्टर होता. जुळी वेळेआधी जन्मलेली आहेत, हे त्यानं दारातच ऐकलं आणि तो गंभीर चेहऱ्यानं थेट पाळण्यांकडे गेला. सुमेध आणि सुजाता उशांना टेकून बसली होती, तोंडभर खिचडी माखलेली. जहाज डुललं की दोघं खिदळत होती. डॉक्टर खाली वाकला आणि त्यानं सुजाताच्या छातीला स्टेथोस्कोप लावला.

कमलाबाईंनी पदर बाजूला करून डोकं उचललं.

“त्यायले काय पाहून राहिले, डाक्टर? काई झालं नाही त्यायले,” त्या ठसक्यात म्हणाल्या. “इकडं या, मले पाहा!”