बरी हाय ना जी

रत्नमालाची म्हैस सकाळपासून पोट फुगून गोठ्यात पडली होती. अश्विनने नागपूरहून सांगितलं, "आई, माझ्या फोनातला एआय डॉक्टरले बोलावून राहिला. तुले काही इचारन, तं सांगजो." एआयचा फोन आला. "काकू, डॉक्टर निघतायत. म्हैस कशी आहे?" गावात खुशाली विचारली की आधी बरं म्हणायचं, दुखणं मग सांगायचं. "बरी हाय ना जी. तुमच्या घरचे बरे हायेत?" "ऐकून आनंद झाला. म्हैस बरी असल्याने डॉक्टरांची भेट रद्द केली." "अजी थांबा, मरून राहिली ते!" तोवर फोन बंद. अश्विनचा फोन लागेना. रत्नमाला रस्त्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. फोन वाजला. "काकू, आमची सेवा कशी वाटली?" ओठांवर आलेलं 'बरी' गिळून ती गोठ्यात धावली आणि कण्हणाऱ्या म्हशीच्या तोंडाशी फोन धरला. "सांग बाई. तू तरी खरं सांग."