विलोखालचा गुरू

माझ्या नवऱ्याला व्हायोलिन सैतानाने शिकवलं, तेही ओढ्याकाठच्या पोकळ विलोच्या झाडाखाली, असं अख्खं गाव म्हणतं. लग्नात त्याच्या वाजवण्यावर पाय दुखेपर्यंत नाचतात आणि घरी जाताना छातीवर क्रूस काढतात. एकेका सुरासाठी वर्षानुवर्षं गोठ्यात गायींसमोर घासत बसलेला व्हालेंती पाहिला तो फक्त मी. माझं डोकं उठायचं म्हणून मीच त्याला तिकडे हाकललं होतं.

"अरे, सैतान शिकवायला असता तर बोटं अशी सोलून निघाली असती का?" असं सांगून सांगून तो थकला. मग त्याने सांगणंच सोडलं.

यंदा तीच बोटं आखडली. हंसाची चरबी चोळून झाली, चर्चमधलं पवित्र पाणी लावून झालं, काही फरक नाही. शेवटी काल त्याला न सांगता मी टोपलीत वोडकाची बाटली लपवली आणि मनातून लाजत त्या विलोपाशी गेले.

झाडाखाली व्हालेंती बसला होता, मांडीवर व्हायोलिन घेऊन.


"सकाळपासून बसलोय, सालोमे," तो म्हणाला. "कुणी येत नाही गं."