बसलेला गडी

पनवेलच्या प्रसूतिगृहात गोदूला आत नेऊन बराच वेळ झाला होता. दाराआडून तिचं कण्हणं ऐकू येत होतं आणि बाहेर बाकावर बसलेला तिचा नवरा, हसुराम, दाराकडेच बघत होता. त्याचं मन दुसरीकडे वळावं म्हणून मेव्हण्याने मुद्दामच वाद उकरून काढला, "भावोजी, सगल्यात कठीण खेळ क्रिकेटच!"

"हाड! कबड्डी. एका दमात सात जणांतून परत यायचं, खायचं काम नाय," हसुराम उसनं अवसान आणून ओरडला.

"ताई शालेत खो-खोची कॅप्टन होती. तिला विचारा."

"खो-खो? त्याच्यात निम्मे गडी नुसते बसून असतात!"

तेवढ्यात आतलं कण्हणं एकदम थांबलं. ना गोदूचा आवाज, ना बाळाचा. हसुरामला दाराशी धावायचं होतं, पण त्याला बाकावरून उठताच येईना.

मग कोवळं रडणं ऐकू आलं आणि दार उघडून नर्स हसतच बाहेर आली.



"मुलगी झाली. बाई सुखरूप आहेत, आणि त्यांनी निरोप दिलाय, बाहेर बसलेल्या गड्याला सांगा, मी खो दिला, आता उठून पळायचं."