ठणठणीत माणूस

प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या पोरीला श्वास मोजणारा पट्टा तपासायला एक ठणठणीत माणूस हवा होता. घरात तसे एकटे बाबाच. आईने तर "मला नको बाई ते लोढणं" म्हणून आधीच अंग काढून घेतलं होतं.

सकाळी आलेख पाहून पोरगी चक्रावली. रात्रभरात बाबांचा श्वास कितीदा तरी मध्येच थांबला होता. तिने आधी पट्ट्यालाच दोष दिला, सेन्सर बदलला, स्वतः बांधून झोपली. तिचा आलेख अगदी शहाण्यासारखा आला. पुन्हा बाबांना बांधला, पुन्हा तेच! पण एक गोष्ट तिला गप्प बसू देईना. झोपेत श्वास अडकला तर माणूस दचकून, धापा टाकत तो परत घेतो. बाबांचा श्वास मात्र सावकाश सुरू व्हायचा, जीव भांड्यात पडल्यासारखा.

शेवटी चहा पिताना तिने विचारलंच, "बाबा, रात्री तुम्ही मुद्दाम श्वास रोखता का हो?"

बाबा ओशाळले. आई स्वयंपाकघरात आहे हे बघून हळूच म्हणाले, "अगं, तुझी आई घोरता घोरता एकदम गप्प होते. मग माझ्या श्वासाचा आवाज मध्ये नको, म्हणून मी तो धरून ऐकत राहतो. तिचा सुरू झाला की सोडतो."

तिने आलेख पुन्हा उघडला. पट्टा बाबांच्या छातीवर होता, पण आलेख आईचा निघाला होता.