बांधावरचा प्राणायाम

चुलत दीर उत्तरेश्वरानं बांध कोरून कोरून तिचं चार हात रान गिळलं, तेव्हापासून सारजाबाईचं बीपी चढलेलंच होतं. मग गावात शिबिर घ्यायला आलेल्या वैष्णवीनं तिला प्राणायाम शिकवला. सत्तरीतली म्हातारी रोज सकाळी त्याच बांधावर पोतं अंथरून, उत्तरेश्वराच्या दाराकडं तोंड करून बसू लागली. वर्षभरात बीपी पार जाग्यावर आलं.

पुढच्या शिबिराला आलेली वैष्णवी हरखली. "आज्जी, राग गेला म्हणायचा तुमचा!"

"जातोय कुठं? डॉक्टर म्हणला, असा संताप करत राहिलात तर त्याच्या आधी तुमीच जाल. म्हणलं, आसं कसं? त्याच्या तेराव्याची बुंदी खाल्ल्याबिगर म्या डोळं मिटायची न्हाय."

"त्यांना ठाऊक आहे हे?"

"व्हय की. कालच तोंडावर सांगून आले."

दुसऱ्या दिवशी सारजाबाई बांधावर आली, तर पलीकडं उत्तरेश्वर नवीकोरी चटई टाकून, डोळे मिटून, एक नाकपुडी दाबून बसलेला.

तिनं पोतं झटकून अंथरलं, पदर खोचला आणि श्वास ओढला. उत्तरेश्वर दमून चटई गुंडाळेस्तोवर ती जागची हलली नाही.